विजयकमानी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: विजयी सेनापतीची मिरवणूक खालून जावी म्हणून रोमन लोकांनी या कमानी उभारल्या, असं सगळीकडे वाचतो. मग काही कमानी बंदराच्या धक्क्यावर किंवा एखाद्या महामार्गाच्या टोकाशी का आहेत?

उत्तर: मिरवणुकीशी त्यांची सांगड नंतर घातली गेली. सर्वांत जुनी नोंद आहे ती इ. स. पू. १९६ सालची. लुसियस स्टर्टिनियस हा सेनापती स्पेनमधून लूट घेऊन रोमला परतला आणि तिच्यातल्या पैशातून त्याने ३ कमानी बांधल्या. दोन गुरांच्या बाजारात, एक सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतीच्या मैदानात. इतिहासकार लिव्ही सांगतो की या माणसाने विजययात्रेची मागणीसुद्धा केली नव्हती. म्हणजे नोंद असलेली पहिली कमान उभारणाऱ्याची मिरवणूक निघालीच नाही. त्याने कमानींच्या माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेले पुतळे मात्र बसवले, आणि सगळं इंगित त्यातच आहे.

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात हे कारण स्वच्छ लिहून ठेवलं आहे: पुतळा स्तंभावर चढवायचा तो त्या माणसाला इतर मर्त्यांच्या वर उचलण्यासाठी, आणि कमान ही त्याच कामाची नवी युक्ती. कमान म्हणजे मुळात एक उंच बैठक. रस्ता अडू नये म्हणून तिला मधून वाट ठेवली. बैठक म्हटली की ती कुठल्याही सन्मानासाठी चालते. रिमिनीची कमान (इ. स. पू. २७) सम्राट ऑगस्टसने फ्लामिनिया महामार्ग दुरुस्त केला म्हणून उभी राहिली. अँकोनाची (इ. स. ११५) ट्रेजनने बंदर बांधून दिलं म्हणून, आणि ती बंदरावरच आहे. रिमिनीची कमान आजही उभी असलेल्या रोमन कमानींत सर्वांत जुनी मानली जाते.

प्रश्न: कमानीकडे पाहताना नेमकं काय पाहायचं? आम्हाला सगळ्या सारख्याच वाटतात.

उत्तर: बहुतेक जण मधल्या पोकळीकडे पाहतात. तुम्ही नजर वरून खाली आणा.

सर्वांत वर असते ती माथ्याची आडवी भिंत, तिला अ‍ॅटिक म्हणतात. शिलालेख तिथे असतो. अ‍ॅटिकच्याही वर एके काळी चार घोड्यांचा काशाचा रथ आणि पुतळे असत. ते जवळजवळ सगळे वितळवले गेले, पण जुन्या नाण्यांवर ते दिसतात. आज आपण जी पाहतो ती मूर्ती हरवलेली बैठक आहे. अ‍ॅटिकच्या खाली स्तंभांवरचा आडवा पट्टा येतो, मग कमानीच्या दोन्ही खांद्यांवरचे त्रिकोण. त्या त्रिकोणांत बहुधा पंख असलेल्या विजयदेवता कोरतात, कारण पसरलेला पंख त्या चिंचोळ्या जागेत नेमका बसतो. त्याखाली कमानीचं वर्तुळ, आणि सर्वांत खाली दोन्ही बाजूंचे भरीव दगडी ठोकळे.

आकडे पाहिले की वरच्या भागाचं महत्त्व पटतं. रोममधली सम्राट टायटसची कमान १५.४ मीटर उंच आहे आणि तिची पोकळी ८.३ मीटर. कॉन्स्टन्टाइनची २१ मीटर, मधली पोकळी ११.५. पॅरिसची ४९.५४ मीटर, मोठी पोकळी २९.१९. तिन्हींत पोकळीच्या वरचा भाग एकूण उंचीच्या ४१ ते ४६ टक्के भरतो. नुसती वाट हवी असती तर एवढा दगड डोक्यावर कोण चढवेल?

शिलालेख वाचता आला तर फारच उत्तम. टायटसच्या कमानीवर त्याला ‘दिवो’, म्हणजे देवत्व पावलेला, म्हटलं आहे. या एका शब्दावरून कळतं की लेख त्याच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे इ. स. ८१ नंतरचा आहे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवर (इ. स. २०३) याहून मोठी गोष्ट दडलेली आहे. लेखात त्याच्यासोबत कॅराकॅला आणि गेटा या दोन्ही मुलांची नावं होती. पुढे कॅराकॅलाने भावाचा खून करवला आणि गेटाचं नाव खरवडून तिथे स्तुतीचे नवे शब्द बसवले. पण ती अक्षरं काशाची होती आणि खिळ्यांनी दगडात ठोकलेली. खिळ्यांची भोकं बुजली नाहीत. चौथ्या ओळीत आजच्या अक्षरांशी न जुळणारी भोकं दिसतात, आणि त्यांच्याच आधारे मूळ मजकूर पुन्हा वाचता आला.

प्रश्न: पुढचे उंच स्तंभ कमानीचा भार घेतात का? एक काढला तर काय होईल?

उत्तर: कमान तशीच उभी राहील. भार ठोकळे घेतात, स्तंभ शोभेचे असतात. टायटसच्या कमानीत ते भिंतीला अर्धे चिकटलेले आहेत. सेव्हेरस आणि कॉन्स्टन्टाइन यांच्या कमानींत ते भिंतीपासून सुटे, स्वतःच्या बैठकीवर उभे आहेत. सुटा स्तंभ उभा केला की त्याच्या डोक्यावर काहीतरी द्यावं लागतं, म्हणून वरचा आडवा पट्टा प्रत्येक स्तंभापाशी पुढे काढतात. कॉन्स्टन्टाइनच्या कमानीवर त्या पुढे आलेल्या तुकड्यांवर बंदिवान डेशियन योद्ध्यांचे पुतळे आहेत. दुपारच्या उन्हात या पुढेमागे होण्याने सावल्यांच्या उभ्या रेघा पडतात आणि सपाट भिंतीला खोली येते. पॅरिसच्या कमानीचा वास्तुकार शाल्ग्रँ याने स्तंभ पूर्णपणे गाळले. त्यामुळे तिथे सगळा जोर शिल्पांच्या ४ मोठ्या समूहांवर आणि निव्वळ आकारमानावर आहे. आमच्या मते ते धाडस होतं आणि ते साधलं.

प्रश्न: दगडी कमान बांधताना नेमका क्रम काय असतो? आणि ती बिघडते कुठे?

उत्तर: पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात, ही मूळ युक्ती. पण शेवटचा दगड बसेपर्यंत ती युक्ती काम करत नाही, त्यामुळे तोवर सगळा भार लाकडी सेंटरिंगवर असतो.

आधी दोन्ही ठोकळे सारख्याच उंचीने वर आणतात. एक पुढे आणि एक मागे राहिला तर पाया असमान दबतो. कमान जिथून वळायला लागते तिथे दगडाची एक कड बाहेर काढतात. ती दिसायला शोभेची पट्टी, पण सेंटरिंग टेकवायलाही तिचा उपयोग होतो. सेंटरिंग नेहमी लाकडी पाचरांच्या जोड्यांवर बसवायचं, थेट कडेवर नाही. ते का, ते पुढे येईल. मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दगड चढवत न्यायचे. एकाच बाजूने चार-पाच दगड जास्त चढले तर सेंटरिंग कलतं आणि कमानीचा गोल बिघडतो. दगडांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे माथ्यावर सांधा न येता दगड येतो. तोच चावीचा दगड. तो सर्वांत शेवटी बसतो म्हणून त्याचा मान, एरवी काम सगळे दगड सारखंच करतात.

त्यानंतरची पायरी अनेक पुस्तकांत सुटून जाते: खांदे भरून घेणं. कमानीच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना, निदान अर्ध्या उंचीपर्यंत घट्ट बांधकाम करून घ्यायचं. मग पाचरा थोड्या थोड्या सैल करत सेंटरिंग खाली उतरवायचं. या वेळी कमान किंचित बसते आणि सांधे आवळले जातात. सेंटरिंग एकदम काढलं तर हा भार धक्क्याने येतो. सांध्यांतला चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे इथे घाई महागात पडते.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. कमान खाली दाबते तशी बाजूलाही रेटते. तो रेटा ठोकळ्यांना पेलला नाही तर ते बाहेर सरकतात, कमानीचं अंतर वाढतं आणि माथा खाली येतो. तेव्हा माथ्यापाशी फट खालच्या बाजूने उघडते, खांद्यांपाशी वरच्या बाजूने. ही जोडी दिसली की दोष कमानीच्या दगडांत शोधू नये, ठोकळ्यांत आणि पायात शोधावा. फट एकाच ठोकळ्यात तिरकी गेली असेल तर पाया एका बाजूला खचला आहे.

डोक्यावरचं जड अ‍ॅटिक इथे मदतीला येतं. ठोकळ्यांवर उभा भार जितका जास्त, तितका तिरका रेटा खालच्या दिशेला वळतो आणि ठोकळ्याच्या आतच राहून पायापर्यंत पोहोचतो. शिलालेखासाठी रचलेली ती भिंत बांधकामालाही उपकारक ठरते.

आणखी एक शत्रू म्हणजे लोखंड. रोमन गवंडी शेजारचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडत आणि त्यांवर शिसं ओतत, म्हणजे पाणी लागू नये. शिशाचं आवरण तुटलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि संगमरवर आतून फुटतो. रोमच्या जुन्या इमारतींच्या दगडांवर जागोजागी खड्डे दिसतात, ते मात्र बहुतेक वेळा माणसांचे. मध्ययुगात धातू दुर्मीळ झाला तेव्हा लोकांनी हे आकडे उकरून काढले.

प्रश्न: टायटसच्या कमानीची प्रतिकृती करायची आहे. मापं द्याल का? थर्माकोलचे सुटे तुकडे रचून पाहिले, कमान उभीच राहत नाही.

उत्तर: १ मीटरला २ सेंटिमीटर हे प्रमाण धरा. मूळ कमान १५.४ मीटर उंच, १३.५ रुंद आणि ४.७५ खोल आहे. तुमची होईल ३०.८ सेंटिमीटर उंच, २७ रुंद, ९.५ खोल. पोकळी १०.७ सेंटिमीटर रुंद आणि माथ्यापाशी १६.६ उंच. वरचा भाग अर्धवर्तुळ आहे, त्याची त्रिज्या ५.३६ सेंटिमीटर. म्हणजे वळण जमिनीपासून ११.२ सेंटिमीटरवर सुरू होईल. बाजूचा प्रत्येक ठोकळा ८.१ सेंटिमीटर रुंद.

कमानीसाठी १५ तुकडे करा, प्रत्येकी १२ अंशांचा. कड्याची जाडी दीड सेंटिमीटर ठेवलीत तर तुकड्याची आतली कड ११.२ मिलिमीटर आणि बाहेरची १४.४ मिलिमीटर येईल. जाडी याहून फार कमी करू नका. अर्धवर्तुळाकार कड्याची जाडी त्याच्या मधल्या त्रिज्येच्या साधारण एक दशांशाहून कमी झाली, तर ते स्वतःच्या वजनानेसुद्धा मोडतं. हा गणिताने सिद्ध झालेला नियम आहे, दगड कितीही कणखर असला तरी बदलत नाही. तुमच्या मापात ती सीमा ६ मिलिमीटरच्या आसपास येते, पण हाताने कापलेल्या तुकड्यांना बरीच जास्त सूट लागते.

थर्माकोलचं वजन नगण्य असतं आणि कमान वजनावरच उभी राहते. बारीकसा धक्काही त्या वजनापेक्षा मोठा ठरतो. कापलेले पृष्ठभागही सपाट नसतात, त्यामुळे तुकडे एखाद्या टोकावर टेकून फिरतात. तुकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचे ओता किंवा लाकडाचे कापा आणि सांध्याच्या बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. ठोकळे पुठ्ठ्याचे करणार असाल तर आत वाळू भरा, नाहीतर ते बाहेर सरकतील. आधाराचं अर्धवर्तुळ जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांच्या चळतीवर ठेवा आणि खांदे भरून झाल्यावर चळतीतून एकेक पुठ्ठा ओढत आधार खाली आणा.

प्रश्न: एक वाट की तीन? हे कशावर ठरायचं?

उत्तर: जागा, पैसा आणि कथेची लांबी. एका वाटेची कमान दाटीच्या जागी शोभते. तीन वाटांची रुंद असते आणि तिच्यावर कोरायला कितीतरी जास्त भिंत मिळते. कॉन्स्टन्टाइनच्या कमानीत मधली वाट ६.५ मीटर रुंद आणि ११.५ उंच, बाजूच्या ३.४ रुंद आणि ७.४ उंच. बाजूच्या वाटा मुद्दाम ठेंगण्या, कारण त्यांच्या माथ्यावर शिल्पपट्ट बसवायचे असतात. चारही दिशांना खुल्या असलेल्या कमानी चौकात उभारत.

तिरकस वळणावर काय करायचं, याचं सर्वांत देखणं उत्तर सीरियातल्या पाल्मायरात होतं. तिथला स्तंभांचा राजरस्ता कमानीपाशी सुमारे ३० अंशांनी वळतो. वास्तुकाराने कमानीचा आराखडाच पाचरीसारखा केला. तिचं एक तोंड रस्त्याच्या एका भागाला काटकोनात, दुसरं तोंड दुसऱ्या भागाला. चालणाऱ्याला वळण जाणवतच नसे. ऑक्टोबर २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ती स्फोटकांनी उडवली. या विषयावर लिहिताना ती ओळ भूतकाळात लिहावी लागते, याचं दुःख वाटतं.

प्रश्न: कॉन्स्टन्टाइनने जुन्या बादशहांची शिल्पं काढून आपल्या कमानीवर लावली. याला चोरी म्हणायचं का?

उत्तर: तिथे ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या तिघांच्या काळातली शिल्पं आहेत, हे खरं. बादशहाचे चेहरे कॉन्स्टन्टाइनसारखे घडवून घेतले होते. एक कारण व्यावहारिक आहे. ज्या विजयासाठी ही कमान उभारली ती मिल्व्हियन पुलाची लढाई २८ ऑक्टोबर ३१२ रोजी झाली आणि कमान ३१५ मध्ये अर्पण झाली. तीन वर्षांच्या आत २१ मीटर उंचीचं काम नव्या शिल्पांसह उरकणं अवघड. पण निवडलेली शिल्पं पाहा: तिन्ही बादशहा रोमच्या आठवणीतले चांगले राज्यकर्ते. त्यांच्या अंगावर आपला चेहरा बसवणं म्हणजे त्यांच्या रांगेत बसणं. त्याच कमानीवरचे चौथ्या शतकातले नवे पट्ट शेजारी ठेवून पाहिले तर माणसं बुटकी, समोर तोंड करून एका रांगेत उभी दिसतात. पूर्वी अभ्यासक याला कलेचा ऱ्हास म्हणत. आम्हाला ते पटत नाही. उंचावरचा प्रसंग खालून पटकन वाचता यावा, यासाठी ती मांडणी फार चांगलं काम करते.

प्रश्न: पॅरिसच्या कमानीला ३० वर्षं का लागली?

उत्तर: कारण ती बांधवून घेणारे बदलत गेले. नेपोलियनने ऑस्टरलिट्झच्या विजयानंतर १८०६ मध्ये तिचा हुकूम दिला आणि १५ ऑगस्टला पायाचा दगड बसला. पाया भरण्यातच २ वर्षं गेली. १८१० मध्ये नववधू मारी लुईझसह त्याला पॅरिसमध्ये प्रवेश करायचा होता आणि कमान जेमतेम जमिनीच्या वर आली होती. म्हणून शाल्ग्रँने लाकूड आणि कापडाची पूर्ण आकाराची कमान तिथेच उभी केली. त्यातून त्याला स्वतःचा आराखडा प्रत्यक्ष मापात तपासता आला, असं भाग्य फार थोड्या वास्तुकारांना लाभतं. तो १८११ मध्ये वारला. नेपोलियन पडल्यावर काम थांबलं, परतलेल्या राजघराण्याने ते आपल्या स्पेनमधल्या मोहिमेच्या नावाने पुन्हा सुरू केलं आणि लुई फिलिपच्या राज्यात, १८३६ मध्ये ते पुरं झालं.

आतल्या भिंतींवर सुमारे ६६० नावं आहेत. ज्यांच्या नावाखाली रेघ आहे ते रणांगणावर पडले. माथ्यावर काय बसवायचं, हा प्रश्न मात्र सुटला नाही. फाल्ग्येर या शिल्पकाराचा रथ १८८२ मध्ये प्लास्टरमध्ये करून वर चढवला होता. चार वर्षांत तो पावसापाण्याने मोडकळीला आला आणि उतरवावा लागला. तेव्हापासून माथा रिकामा आहे.

प्रश्न: अशा तात्पुरत्या कमानी आणखी कुठे झाल्या?

उत्तर: युरोपात कित्येक शतकं राजाच्या स्वागताला लाकूड, कापड आणि प्लास्टरच्या कमानी उभारत आणि नंतर मोडून टाकत. काही पुढे पक्क्या झाल्या. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकाजवळ १८८९ मध्ये लाकूड आणि प्लास्टरची कमान होती. ती लोकांना इतकी आवडली की चौकात संगमरवरी कमान बांधली गेली. सेंट पीटर्सबर्गची नार्वा कमान १८१४ मध्ये लाकडी होती, ती १८३४ पर्यंत विटा आणि तांब्याच्या पत्र्यांत नव्याने उभी राहिली. उलट न्यूयॉर्कचीच ड्यूई कमान (१८९९) पक्की करण्याइतका पैसा जमला नाही. प्लास्टर ढासळू लागलं आणि ती पाडली. सर्वांत हलकी कमान सम्राट मॅक्सिमिलियनची: चित्रकार ड्यूरर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती लाकडी ठशांनी ३६ मोठ्या कागदांवर छापली. जोडल्यावर उंची साडेतीन मीटर.

प्रश्न: दिल्लीचं इंडिया गेट विजयकमान आहे का? आणि जगातली सर्वांत उंच कोणती?

उत्तर: रूप विजयकमानीचं, काम स्मारकाचं. वास्तुकार लट्येन्सने आखलेली ४२ मीटर उंचीची ही कमान १९३१ मध्ये पुरी झाली आणि तिच्यावर सैनिकांची नावं आहेत. पहिल्या महायुद्धानंतर विजयापेक्षा मृतांची संख्या मोठी होती आणि नावं कोरायला भिंत हवी होती. फ्रान्समधल्या थिएपव्हाल इथे त्याच लट्येन्सने (१९३२) ७२,००० हून अधिक नावांसाठी कमान १६ ठोकळ्यांत फोडली. प्रत्येक ठोकळ्याला चार बाजू, म्हणजे लिहायला कितीतरी जास्त जागा.

उंचीत मेक्सिको सिटीचं क्रांतिस्मारक पहिलं, ६७ मीटर. ते संसद भवनाचा अर्धवट राहिलेला घुमट वापरून १९३८ मध्ये पुरं केलं. प्याँगयांगची कमान (१९८२) ६० मीटर आहे.

प्रश्न: डागडुजीत नवा दगड जुन्यासारखाच दिसायला हवा ना?

उत्तर: नको, आणि हे शिकवणारी कमान टायटसचीच. मध्ययुगात ती फ्रांजिपानी घराण्याच्या गढीत चिणली गेली होती. गढी हटवल्यावर उरला तो मधला भाग, बाहेरच्या बाजू गेलेल्या. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला वास्तुकार व्हालादिएने ती दगड दगड सुटी करून पुन्हा रचली. मूळ भाग संगमरवरी होता, त्याने नवा भाग ट्रॅव्हर्टाइन दगडात केला, स्तंभांवरच्या उभ्या खाचा आणि बारीक नक्षी गाळून. मापं आणि रेषा जुन्याच ठेवल्या. त्यामुळे दुरून कमान अखंड दिसते आणि जवळ गेल्यावर कोणता दगड कोणाचा ते कळतं. कोलोसियमच्या बाजूला मूळ रोमन शिलालेख आहे. फोरमच्या, म्हणजे रोमच्या जुन्या मुख्य चौकाच्या बाजूला, त्याच जागी, पोप पायस सातव्याने ती दुरुस्त करवल्याचा लेख आहे.